जिभेच्या डाव्या कडेला

१२ जून

तीर्थरूप वन्संना,
साळूचा नमस्कार.

गेल्या आठवड्यात कितीदा तरी फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. एकदा उचललात, 'हं' म्हणालात आणि ठेवलात. तुमच्या धाकट्या भावाला जाऊन आता वर्ष होत आलं. हे होते तोवर तुमची खबर मला आणि माझी तुम्हाला ह्यांच्याकडूनच कळायची. आता मधला माणूसच उठून गेला, तेव्हा नणंद-भावजयीला थेट बोलायची सवय करावी लागणार. माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. ह्यांचं घड्याळ मी तुम्हाला न विचारता त्यांच्या मित्राला दिलं, ते मनात धरलंय का?

माझं बरं चाललंय. कामावर टेबल बदललं. मी नक्की काय करते हे ह्यांनी तुम्हाला कधी धड सांगितलं नसणार, कारण त्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. हॉस्पिटलातून पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर खाली तळघरात, आमच्या रेकॉर्ड रूममध्ये येतो. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्या दुखण्याचा ठरलेला कोड टाकायचा. जगातल्या प्रत्येक दुखण्याला कोड आहे. इतकी वर्षं माझ्याकडे हाडं होती. आता तोंड दिलंय, त्यातही जास्त करून जीभ. जिभेला हाड नसतं म्हणतात. हाडांवरून बदली होऊन मी नेमकी तिथेच पोचले.

जिभेची किती दुखणी असतात, सांगून खरं वाटणार नाही. नकाशासारखे चट्टे पडलेली जीभ. भेगाळलेली जीभ. काळी पडून केस उगवल्यासारखी दिसणारी जीभ. आणि एक अशी, की डॉक्टरांना काहीच दिसत नाही तरी माणूस म्हणतो जळतेय, जळतेय. तिलाही वेगळा कोड आहे. ते वाचून मला बरं वाटलं. न दिसणाऱ्या दुखण्यावरही कोणीतरी विश्वास ठेवून जागा राखली आहे.

शेजारच्या टेबलावरची मुलगी दिवसभर कानांत हेडफोन घालून बसते. मी तिला मनातल्या मनात हेडफोनवालीच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा साळुंकीसारखी बडबडते म्हणून तुम्हीच मला साळू नाव ठेवलंत. परवा शनिवार-रविवार मी तोंडातून शब्द काढला नाही. सोमवारी गेटवरच्या वॉचमनला नमस्कार केला तर आवाज घोगरा निघाला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

दोन ओळी लिहा.

तुमची,
साळू


२१ जून

प्रिय साळूस,
आशीर्वाद.

घड्याळाचं मला माहीतच नव्हतं, आता कळलं. चांगलं केलंस. माझ्याकडे नुसतं पडून राहिलं असतं.

फोन नको. दिवसभर शाळेत बोलून घसा बसतो, घरी आल्यावर तोंड उघडावंसं वाटत नाही. पत्र बरं. शिवाय फोनवर तू बोलायला लागलीस की मला मध्ये शिरायला फट सापडत नाही. पत्रात निदान माझी पाळी येते.

तू माझ्या वर्गात कधी आली नाहीस. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं म्हणजे आवाज नाही, जागा शिकवायची. मी आणि मूल एका आरशासमोर बसतो. 'त'ला जीभ दातांशी, 'ट'ला वर टाळूशी. सगळ्यात अवघड 'ळ'. जीभ मागे वळवायची, टेकवायची आणि सोडायची. वर्गात एक चिमुरडी आहे, दोन वेण्यांची. गेलं वर्षभर 'बाळ'ला 'बाल' म्हणत होती. ह्या आठवड्यात 'बाळ' म्हणाली. तिला ते ऐकू आलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून कळलं. मग मधल्या सुट्टीत ज्याला त्याला धरून 'बाळ, बाळ' म्हणत सुटली.

एक विचारायचं होतं. आमच्या शाळेतल्या मावशींच्या जिभेला कडेला जखम झालीय. दाढेचा तुकडा पडलाय, तो घासतो म्हणून असेल. असल्या जखमेला तुमच्याकडे कोणता कोड? काही गंभीर नसेल ना? सहज विचारते. बाई कामाची आहे, उगीच घाबरायला नको.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
वन्सं


२९ जून

तीर्थरूप वन्सं,
नमस्कार.

तुमचं पत्र बसथांब्यावर उभ्याउभ्या वाचलं आणि माझी बस गेली. काही बिघडलं नाही, घरी वाट बघणारं कोण आहे!

मावशींचं विचारलंत. मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते आपण मानायचं नाही. कागदावरून दहा गोष्टी दिसत असल्या, तरी शब्द लिहिलेला नसेल तर कोड टाकता येत नाही. फार तर चिठ्ठी पाठवून विचारायचं: साहेब, जखम कुठल्या बाजूला, वर की खाली, किती दिवसांची? उत्तर आलं नाही तर 'तपशील नाही' असा एक कोड असतो, तो टाकून पान उलटायचं. मला तो कोड आवडत नाही. जेवायला बसलेल्या माणसापुढे रिकामं ताट सरकवल्यासारखं वाटतं.

मागच्या महिन्यात एका बाईंचे कागद आले. नावगाव सांगणार नाही, तसा नियमच आहे. पहिल्या भेटीत लिहिलं होतं, जिभेवर जखम, मलम दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मलम. दर वेळी 'तपशील नाही'. शेवटच्या भेटीत कोड एकदम दुसऱ्याच प्रकरणातला होता, जिथे कॅन्सरचे कोड असतात. सगळे कागद एकावर एक ठेवल्यावर मला ते सरळ दिसत होतं. पण माझ्याकडे कागद येतो तोवर माणूस घरी गेलेला असतो. मी कायम उशिराच पोचते.

म्हणून मावशींना सांगा, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तोंडाच्या चांगल्या डॉक्टरांना दाखवायचीच. घाबरवायचं नाही, पण ढकलायचंही नाही. आणि मला कळवा: कोणत्या बाजूला? किती दिवस झाले? हाताला कडक लागते का? तंबाखू वगैरे?

बघा, सवयीने तुम्हालाही चिठ्ठीच पाठवली.

साळू


१० जुलै

प्रिय साळूस,
आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठीला उत्तर. डाव्या कडेला, मागून दुसऱ्या दाढेसमोर. मुगाच्या दाण्याएवढी होती, आता थोडी मोठी. मधे लाल, भोवती पांढरट. खालून बोटाला कडक लागते. तंबाखू नाही, कधीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीपासून आहे. फार दुखत नाही. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना सुरी फिरवल्यासारखं होतं, मग दिवसभर विसरायला होतं. फक्त 'ट' आणि 'ळ' म्हणताना आठवण येते.

मावशी डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्यांनी मलम दिलंय. तेव्हा आता तू काळजी करू नकोस आणि उपदेशही नको. मी तुझ्याहून मोठी आहे.

शाळेत डिसेंबरात तपासणी आहे. बाहेरून माणसं येतात, मुलं किती बोलतात ते बघतात. ह्या खेपेला माझा वर्ग चांगला तयार आहे.

तू उभ्याउभ्या जेवतेस ना? तुझ्या अक्षरावरून कळतं. बसून जेव.

वन्सं


१४ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

मावशींची जखम तुम्हाला बाहेरून दिसेल, मान्य. किती मोठी, कोणत्या रंगाची, सगळं दिसेल. पण त्यांच्या पहिल्या घोटाला सुरी फिरते, हे तुम्हाला कसं कळलं? आणि शाळेतल्या मावशींना दिवसभर 'ट' आणि 'ळ' म्हणायचं काम कशाला पडतं?

म्हणून तुम्ही फोन उचलत नाही. आणि मी बसले होते घड्याळाचा विचार करत.

वन्सं, शाळेत मावशी आहेत का हो? की जीभ तुमचीच आहे? एका ओळीत उत्तर द्या, पण खरं.

साळू


२२ जुलै

साळू,

माझीच.

आता पुढचं ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस. पत्र आहे म्हणून तुला बोलता येणार नाही, हे किती बरं आहे.

मी रोज आरशासमोर तोंड उघडून बसणारी बाई. माझ्या जिभेचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे. जखम पहिल्या दिवशीच दिसली. मूल समोर होतं, त्याला 'ट' दाखवत होते. तेव्हापासून मी आरशात मुलाकडे बघते, स्वतःकडे नाही. डॉक्टरकडे मीच गेले होते. त्यांनी मलम दिलं हे खरं. पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणाले होते, ती मी गेले नाही, हेही खरं.

का नाही गेले? तूच लिहिलंस की त्या बाईंचा कोड एकदम दुसऱ्या प्रकरणात गेला. मला कळत नाही असं वाटतं का तुला? काढायची म्हणाले तर जिभेचा केवढा भाग काढतील? माझ्या तोंडाकडे बघून अख्खा वर्ग बोलायला शिकतोय. डिसेंबरची तपासणी होऊ दे, मग बघू. मधेच सोडलं तर नवीन बाई पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नाही आणि पोरं होती तिथे परत जातील.

आणि घरी मला काही त्रास नाही. घरी बोलायला कोणी नाही, त्यामुळे घरी दुखत नाही. शाळेत दुखतं. एकटीची सवय आहे मला. आईचं केलं, बाबांचं केलं, माझं कोणी करावं अशी अपेक्षा नाही. धाकट्याला सांगितलं असतं कदाचित. तो गेला.

तू येऊ नकोस. तुला रजा मिळत नाही, आणि आलीस तरी काय करणार? माझ्यासाठी नोकरी धोक्यात घालायची गरज नाही.

वन्सं


२६ जुलै

वन्सं,

दुखणं लपवायचं हा तुमच्या घराण्याचा वारसा दिसतो. तुमचा भाऊ महिनाभर छातीवर हात ठेवून 'पित्त झालंय' म्हणत होता. डॉक्टरला दाखवू म्हटलं की म्हणायचा, महिनाअखेर होऊ दे. त्याची महिनाअखेर झाली. तुमचा डिसेंबर मी बघणार नाही.

गुरुवारी दुपारच्या बसने निघते. रजा टाकली आहे, साहेबांनी कुरकुर केली, करू दे. इथे आमच्याच हॉस्पिटलात तोंडाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्हाला घेऊनच परत येणार. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन. आणि मला गप्प बसता येत नाही हे तुम्ही जाणता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला तुमच्या जिभेची हकिगत तोंडपाठ होईल.

दोन साड्या आणि चष्मा बॅगेत भरून ठेवा.

तुमची ऐकून न घेणारी,
साळू


५ डिसेंबर

तीर्थरूप वन्सं,
नमस्कार.

तुम्हाला बसमध्ये बसवून आले त्याला आठवडा झाला. पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यात 'पोचले' एवढाच शब्द. तुमच्या जिभेवर शस्त्रक्रिया झालीय वन्सं, हातावर नाही. जरा जास्त लिहा.

चार महिने आपण माझ्या खोलीत राहिलो, तरी तेव्हाचं आपण एकमेकींशी काहीच बोललो नाही असं आता वाटतं. तुम्हाला बोलता येत नव्हतं आणि मी फक्त हवापाण्याचं बोलत होते. डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं आणि तेव्हाच त्यांचा चेहरा बदलला, तो तुम्हीही पाहिलात, मीही पाहिला. रिपोर्ट आला त्या दिवशी आपण दोघी हॉस्पिटलसमोरच्या बाकावर बसलो आणि तुम्ही मला म्हणालात, "चपलेचा अंगठा तुटलाय तुझ्या, शिवून घे." ते तुमच्या जुन्या जिभेचं शेवटचं वाक्य. मी चप्पल शिवून घेतली. मग डावी बाजू काढली, मानेतल्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशन. नाकातल्या नळीतून तुम्हाला दूध घालताना मी एकसारखी बडबडत होते, कारण थांबले असते तर रडले असते.

आज एक गोष्ट घडली. तुमचे सगळे कागद खाली आले, आणि आले ते माझ्याच टेबलावर. जीभ माझी ना! वरचं नाव वाचलं आणि फाईल मिटली. आपल्या माणसाचे कागद आपण हाताळायचे नाहीत असा नियम आहे. नसता तरी माझ्याने झालं नसतं. उठले, हेडफोनवालीच्या टेबलापाशी गेले. तिने हेडफोन काढले. मी म्हटलं, "एवढी फाईल तुम्ही कराल? माझ्या नणंदेची आहे." तिने दोन्ही हातांनी घेतली. दुपारपर्यंत तीच करत होती. मग डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी फार नीट लिहिलंय. कोणती बाजू, कोणती कड, सगळं. कुठेही 'तपशील नाही' टाकावं लागलं नाही."

आम्ही एकत्र जेवलो. ती हेडफोनमध्ये काही ऐकत नसते, असं कळलं. कोणी बोलू नये म्हणून घालते.

शाळेत कधीपासून जाणार?

साळू


११ जानेवारी

प्रिय साळूस,
अनेक आशीर्वाद.

जास्त लिही म्हणालीस, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळेत महिन्यापूर्वीच रुजू झाले. मी नसताना वर्ग मुख्याध्यापिका बाईंनी कसाबसा सांभाळला, तपासणीही पुढे ढकलून घेतली. आधी बाहेरचं सांगते. मी बोलले की लोकांना कळत नाही. वाण्याला वाटतं मी बहिरी झाले. तो माझ्याशी ओरडून बोलतो. घरमालकीणबाई मान हलवतात आणि काहीतरी भलतंच उत्तर देतात. मुख्याध्यापिका बाई फार प्रेमाने 'पुन्हा सांगा' म्हणतात, आणि पुन्हा सांगितलं की डोळे खाली घालतात.

पण वर्गात गेले, आणि साळू, पोरांना सगळं कळलं. पहिल्याच वाक्याला. ती ओठ वाचतात आणि माझे ओठ शाबूत आहेत. माझा आवाज फाटलाय, शब्द लडबडलेत, हे त्यांना ऐकूच येत नाही. सगळ्या गावात मला पुन्हा न विचारता समजून घेणारी माणसं फक्त त्या एका खोलीत होती. पहिले काही दिवस मी इतकी सुखात होते की तुला लिहायचंही विसरले.

मग एका सकाळी दोन वेण्यांच्या मुलीला 'बाळ' म्हणायला सांगितलं. तिने जबडा एका बाजूला ओढला, जीभ उजवीकडे फिरवली आणि म्हणाली. तो 'ळ' नव्हता. पूर्वीचा 'ल'सुद्धा नव्हता. भलतंच काही. मी आरशात दाखवून विचारलं, असं का? तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, एकटीच असेल. दुसऱ्या मुलाला उठवलं. त्यानेही जबडा ओढला. मग तिसऱ्याने. माझी जीभ जिथपर्यंत पोचते तिथेच त्यांची थांबत होती. धडधाकट जिभा, साळू, पूर्ण वळणाऱ्या, आणि त्या अर्ध्यावर थांबत होत्या. नक्कल करत नव्हती पोरं. शिकत होती. मी जसं शिकवलं तसंच, मन लावून.

त्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंकडे गेले आणि वर्ग सोडते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो तपासणीपर्यंत तरी. मी नकारार्थी मान हलवली. आता संस्थेने खटपट करून दुसऱ्या शाळेतून एक तरुण बाई पाठवल्या आहेत. चांगल्या आहेत. मला वाचनालयाची खोली दिली आहे. पुस्तकं पुसते, लावते. मुलं सुट्टीत काचेतून हात हलवतात. आत यायला सांगत नाही मी. आली की माझ्या तोंडाकडेच बघतात.

दुपारी लवकर घरी येते. जेवायला तासभर लागतो, तेवढाच वेळ जातो. डॉक्टरांनी मागच्या तपासणीत सगळं ठीक म्हटलं, तेव्हा तू काळजी करू नकोस. मला एकटीची सवय आहे.

तुझी,
वन्सं


१७ जानेवारी

वन्सं,

तुमच्या वर्गाचं वाचून मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून रडले. हेडफोनवाली पाणी घेऊन आली. तिला वाचून दाखवलं, तर तीही रडली. तेव्हा तुमच्यासाठी इथे दोन माणसं रडली, हे आधी लिहून ठेवते.

आता जे ऑगस्टपासून घशात अडकलंय ते काढते. 'एकटीची सवय आहे' हे तुम्ही जुलैतही लिहिलं होतंत.

ॲडमिट झालात त्या दिवशी नर्स तुमची माहिती घेत होती. वय, आधीची दुखणी, औषधं. मग तिने विचारलं, "घरी कोण असतं?" तुम्हाला बोलताना दुखत होतं म्हणून तुम्ही कागद ओढलात आणि लिहिलंत, 'कोणी नाही.' मी तिथेच उभी होते वन्सं. तुमची बॅग माझ्या हातात होती. दोन दिवस तुमच्या पायरीवर बसून, भांडून, तुम्हाला घेऊन आलेली मी. तुमची मान पुढे झुकली होती, मी बॅग कॉटखाली सरकवली. आजारी माणसाशी काय भांडायचं?

तुम्हाला हे माहीत नसेल: त्यालाही कोड आहे. 'घरी एकटेच राहतात' असं कोणी कागदावर लिहिलं, की दुखण्याच्या कोडखाली तोही टाकतात. मी शेकडो कागदांवर टाकला असेल, हात कधी थांबला नाही. हात थांबला तो तुमची चिठ्ठी आठवल्यावर. आणि उद्या माझा कागद कोणी भरला तर माझ्यावरही तोच पडणार. एकाच घरात दिलेली एक बाई, त्याच घरात जन्मलेली दुसरी. दोन गावं, दोन कुलपं, आणि कोड एकच. ह्यात शहाणपण काय आहे ते मला समजावून सांगा.

माझी खोली लहान आहे, तुम्ही पाहिलीच आहे. मी बडबड करते, तीही तुम्ही सोसली आहे. मला तुमचं बोलणं कळतं, निम्मं कानाने आणि निम्मं सवयीने. यायचं नसेल तर तसं लिहा, मी वाईट वाटून घेईन आणि विसरून जाईन. पण 'कोणी नाही' असं पुन्हा लिहू नका.

साळू


२८ जानेवारी

साळू,

तुझं पत्र आल्यापासून रोज कागद घेऊन बसते आणि उठते.

तेव्हा मी खोटं लिहिलं नव्हतं. मला वाटायचं, धाकटा गेला तसं तुझं-माझं नातंही संपलं. आता तू जे करतेस ती माणुसकी. आणि परक्याच्या माणुसकीला 'घरचं' म्हणायची हिंमत झाली नाही. तू मागे उभी आहेस हे मला माहीत होतं. मागे वळून बघितलं नाही, कारण तू नाही म्हटलं असतंस तर मला सोसलं नसतं. एवढंच.

शाळेत राजीनामा दिला. मुख्याध्यापिका बाईंनी निरोप समारंभ करू म्हटलं, मी नको म्हटलं. भाषण कोण करणार! खोलीची किल्ली रविवारी मालकीणबाईंच्या हातात देते. भांडी वाटून टाकली. पलंग राहू दे म्हणाल्या.

हॉस्पिटलातल्या तपासणीची तारीख सोमवारी आहेच. नर्सने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर ह्या खेपेला लिहून देणार नाही, तोंडाने सांगणार. 'भावजय' ह्या शब्दात 'ट' नाही, 'ळ' नाही. निम्मं काम ओठांचंच. म्हणून पाहिलं. येतो.

रविवारी संध्याकाळच्या बसने निघते. ट्रंक जड आहे. उतरवून घ्यायला ये.

वन्सं